नऊ कुप्यांतलं ‘पलीकडे’

प्रयोगशाळेत तिला सगळे लिखाताई म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्यानं तिची दोन्ही कामं एकाच नावात बसवली होती. जंगली जनावरांच्या कातडीतून उवा आणि लिखा वेगळ्या करायच्या, हे पहिलं काम. मग त्या कुपीत घालून चिठ्ठी लिहायची, हे दुसरं. नवा माणूस रुजू झाला की ओळख करून देताना कुणी तरी म्हणायचंच, "या लिखाताई. लिखा काढतात आणि लिखापढीही करतात." नवा माणूस हसायचा. लिखाताई एकतीस वर्षं हे ऐकत आली होती. ती हातातला चिमटा खाली न ठेवता नुसती मान हलवायची.

तिची खोली दुसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. तीन भिंतींना छतापर्यंत लाकडी कपाटं, कपाटांत खणांचे ट्रे, ट्रेमध्ये बोटाएवढ्या काचेच्या कुप्या, कुप्यांत स्पिरिट, आणि स्पिरिटात तळाशी बसलेल्या तिळाएवढ्या उवा. प्रत्येक कुपीत नखाएवढी कागदाची चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली. शाई स्पिरिटात विरघळते, पेन्सिल विरघळत नाही. चौथ्या भिंतीला खिडकी, खिडकीसमोर टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक. आणि हवा स्वच्छ असली की खिडकीतून लांबवर डोंगराची धार दिसायची. तिच्यातली खिंड दात पडल्यासारखी.

लिखाताईचा नवरा त्या खिंडीच्या मागे गेला आणि आला नाही. त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

त्याला ऑफिसात वाटाड्या म्हणत. नमुने गोळा करणं हे त्याचं काम. हिवाळा सरता सरता तो एकटा डोंगरात जायचा आणि थंडीनं मेलेल्या रानमेंढ्या शोधायचा. पितळेच्या फणीनं त्यांची लोकर विंचरायची, फणीत येतील त्या उवा कुपीत टाकायच्या, चिठ्ठी लिहायची. एक जनावर, एक कुपी. त्या फणीचा एक दात तुटलेला होता. नवी घ्या म्हटलं की तो म्हणायचा, "असू दे गं. एखादी ऊ सुटायला वाट नको का? तिचीही पोरंबाळं असतील."

चिठ्ठी लिहायला त्याला तिनंच शिकवलं होतं. त्याचं अक्षर मोठं आणि सैल, नखाएवढ्या कागदावर मावायचं नाही. तो लिहायचा, ‘खिंडीच्या पूर्वेकडील दरीत, ओढ्याजवळ, मादी, वयस्क’. तिनं सगळं छाटलं. कळप दोनच होते, एक खिंडीच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला. "हे बघा," ती म्हणाली, "अलीकडे किंवा पलीकडे, एवढंच लिहा. मला कळतं." आणि वर्षानुवर्षं तिला ते कळत गेलं. त्याची खोपी खिंडीच्या अलीकडे होती, तिचं टेबलही अलीकडे होतं. दोघांची बाजू एकच होती.

त्या शेवटच्या वर्षी बर्फानं खोपीचं छप्पर बसलं. तो खिंड ओलांडून मागच्या दरीतल्या दगडी चौकीत राहायला गेला. ठरल्या दिवशी परतला नाही म्हणून शोधायला माणसं गेली, तेव्हा चौकीत त्याचं अंथरूण होतं, चहाचं भांडं होतं आणि लाकडी पेटीत ओळीनं लावलेल्या सतरा कुप्या होत्या. शेवटच्या कुपीतल्या चिठ्ठीवर नेहमीपेक्षा दोन शब्द जास्त होते. ‘पलीकडे. उद्या पुन्हा.’

वनखात्याचा साहेब प्रयोगशाळेत आला. ती टेबलाशी उभी होती.

"बाई, तुमच्या नोंदीत पलीकडे म्हणजे नक्की कुठं?"

"खिंडीच्या पलीकडे. मागच्या दरीत."

"खात्री आहे?"

"मीच शिकवलंय त्यांना लिहायला," ती म्हणाली.

अठरा दिवस शोध चालला. मागची दरी, तिचे ओढे, तिचे कडे, सगळं पालथं घातलं. बूटसुद्धा सापडला नाही. सात वर्षांनी एका कागदावर ‘बेपत्ता’च्या जागी ‘मयत’ असा शिक्का बसला. सासूबाईंनी तो कागद घडी करून डब्याखाली ठेवला आणि दिवसा दाराला कडी लावायची नाही हा आपला नियम पुढे चालू ठेवला. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "वाऱ्याला बरं." लिखाताई रोज सकाळी टेबलाशी बसायची, खिडकीतून धारेकडे बघायची आणि मनात म्हणायची, तुम्ही तिच्या मागे. मग मान खाली घालून कामाला लागायची. कधी कधी चिमटा हातात असताना तिला उगाच वाटायचं की समोरून कुणी बघतंय. ती मान वर करायची. डोंगर असायचा.

*

नवी मॅडम आली ती याच उवांसाठी. बत्तीस वर्षांची, चष्मेवाली, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी. पहिल्याच दिवशी तिनं लिखाताईला खुर्चीवरून उठू दिलं नाही, स्वतःच स्टूल ओढून बसली.

"मेंढ्यांच्या रक्तावरून मला काही कळेना," ती म्हणाली. "दोन्ही कळपांचे डीएनए इतके सारखे आहेत की वेगळे करताच येत नाहीत. मेंढी आठ-दहा वर्षं जगते. तिच्या पिढ्या सावकाश बदलतात. पण उवेची पिढी महिन्याभराची."

"वर्षाला बारा पिढ्या," लिखाताई म्हणाली.

"बरोबर. मेंढ्या वेगळ्या होऊन जेवढ्या पिढ्या गेल्या, त्याच्या शंभरपट उवांच्या गेल्या असतील. मेंढ्यांच्या अंगावर जी फारकत अजून उमटली नाही, ती उवांमध्ये कधीच उमटली असणार. शिवाय ऊ चालत डोंगर ओलांडत नाही."

"ती या अंगावरून त्या अंगावर जाते. अंगाला अंग लागलं तरच."

"म्हणजे कुठला कळप कुणाला भेटला, हे उवेला माहीत आहे," मॅडम म्हणाली आणि आपल्याच वाक्यावर खूश होऊन हसली. "लिखाताई, मला तुमची सगळी कपाटं लागणार."

दीड वर्ष काम चाललं. कुपीतून ऊ काढायची, तिच्या पोटाला केसाएवढा छेद द्यायचा, एका द्रवात रात्रभर ठेवायची. सकाळपर्यंत आतलं सगळं त्या द्रवात उतरायचं. ते मॅडमच्या यंत्राकडे जायचं आणि उरायचं ते नुसतं कवच, पायांसकट, काचेसारखं पारदर्शक. ते पुन्हा त्याच कुपीत, त्याच चिठ्ठीशेजारी. तो प्रयोगशाळेचा नियम होता. चिठ्ठीही कधी काढायची नाही, खोडायची नाही. चुकलीच असेल तर शेजारी दुसरी घालायची.

आणि उवांना खरंच माहीत होतं. यंत्रातून आलेल्या अक्षरांच्या लांबलचक ओळीत अकरा जागा अशा निघाल्या की तिथं अलीकडच्या उवांचं अक्षर एक आणि पलीकडच्यांचं दुसरं. वर्षामागून वर्षं, कुपीमागून कुपी, कुठं घोळ नाही. मॅडम प्रत्येक निकाल घेऊन धावत यायची. लिखाताईला त्या अक्षरांतलं फारसं कळत नसे, पण नवऱ्याची प्रत्येक चिठ्ठी खरी ठरते आहे एवढं कळत होतं. घरी जाऊन ती सासूबाईंना सांगायची, "आई, आज आणखी वीस बरोबर निघाल्या."

सासूबाईंचं वय झालं होतं, विसरायला व्हायचं. त्या म्हणायच्या, "बरोबरच असायचा तो. अलीकडे फार जवळ वाटतो गं मला."

शेवटच्या सतरा कुप्या लिखाताईनं शेवटी ठेवल्या होत्या.

त्यांचा निकाल आला त्या दिवशी मॅडम धावत आली नाही. सावकाश आली, दार लोटून घेतलं, दोन कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले.

"लिखाताई, रागवू नका. या सतरा कुप्यांच्या चिठ्ठ्या कधी बदलल्या गेल्या का? सांडल्या, पुसल्या, पुन्हा भरल्या?"

"का?"

"उलट्या आल्यात. नऊ चिठ्ठ्यांवर पलीकडे आहे, त्या नऊच्या नऊ अलीकडच्या उवा आहेत. आठांवर अलीकडे आहे, त्या पलीकडच्या."

लिखाताईनं चिमटा खाली ठेवला. एकतीस वर्षांत चिठ्ठीवरून तिला कुणी प्रश्न विचारला नव्हता.

"मॅडम, चिठ्ठी कुपीच्या आत असते. बूच मी उघडते, मीच लावते. माझ्या हातून एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली असेल तर उद्यापासून मी येत नाही."

"मी तसं म्हटलं नाही."

"पुन्हा करा सगळ्या. माझ्यासमोर करा."

पुन्हा केल्या. एकेक कुपी, एकावेळी एकच टेबलावर. निकाल तोच आला. मॅडमचा चेहरा मात्र हळूहळू उजळत गेला.

"मग दुसरीच गोष्ट असेल," ती म्हणाली. "तो हिवाळा भयंकर होता ना? कळपांनी जागा बदलल्या असतील. हे खिंड ओलांडून तिकडे गेले, ते इकडे आले. शंभर वर्षांत न झालेली गोष्ट एका हिवाळ्यात झाली, आणि ती फक्त तुमच्या यजमानांच्या कुप्यांत सापडते आहे. लिखाताई, हे फार मोठं आहे. यावरच पेपर होईल. त्यांचं नाव घालणार मी."

लिखाताई घरी गेली आणि जेवली नाही. बर्फात दोन कळप एकमेकांच्या वाटेवरून कसे जातील? खिंड तर एकच. आणि गेलेच, तर उवा एकमेकींना न भेटता कशा गेल्या? तिनं हे मॅडमला विचारलं नाही. नवऱ्याचं नाव पेपरवर येणार होतं.

*

सुट्टीच्या सकाळी ती पुढच्या खोलीत कपडे घडी करत होती. सासूबाई मागच्या खोलीत. तिथून आवाज आला, "माझा चष्मा बघितलास का गं?"

"पलीकडे आहे, आई. उशीखाली."

काठी टेकत सासूबाई पुढच्या खोलीत आल्या आणि सोफ्यावरच्या उशा एकेक करून उचलायला लागल्या.

"इथं नाहीये."

"इथं नाही हो. पलीकडे म्हटलं मी."

"मग पलीकडेच आले ना मी?"

"अहो, पलीकडे म्हणजे मागच्या खोलीत."

"मी मागच्या खोलीतच होते," सासूबाई वैतागून म्हणाल्या. "माझं पलीकडे हे इथं. तू उभी आहेस तिथूनच सगळ्यांनी जग बघायचं का?"

लिखाताईच्या हातातला टॉवेल अर्धा घडी झालेला तसाच राहिला.

"काय झालं गं?"

"काही नाही. थांबा, आणते चष्मा."

ती मागच्या खोलीत गेली, उशीखालून चष्मा घेतला आणि तिथेच कॉटवर बसली. दारातून पुढची खोली दिसत होती. सोफा, उघडं दार, कपड्यांचा ढीग. पलीकडे. इथं बसलं की ते सगळं पलीकडे.

तो त्या वर्षी चौकीत होता. मागच्या दरीत. तिथं बसून त्यानं पेन्सिल हातात घेतली. चौकीजवळच्या मेंढ्या त्याच्या अलीकडे. खिंड चढून, ओलांडून, शहराच्या बाजूला उतरून ज्या मेंढ्या त्यानं विंचरल्या, त्या पलीकडे. त्यानं काहीच चुकवलं नव्हतं. तिनं शिकवलं तेच, तसंच लिहिलं होतं. फक्त त्याची बाजू बदलली होती आणि तिची तीच राहिली होती.

‘पलीकडे. उद्या पुन्हा.’

तो दुसऱ्या दिवशी इकडे आला होता. खिंडीच्या या बाजूला, ज्या उतारावर सकाळचं ऊन पडतं आणि जो तिच्या खिडकीतून दिसतो, त्यावर. आणि अठरा दिवस माणसं मागच्या दरीत त्याच्या नावानं हाका मारत होती. तिनं सांगितलं म्हणून. मीच शिकवलंय त्यांना लिहायला, असं म्हणाली म्हणून.

"सापडला का गं?" पुढच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या.

*

सोमवारी तिनं मॅडमला सांगितलं. बसून नाही, उभ्यानं सांगितलं, एकोणीस वर्षांपूर्वी जिथं उभी होती तिथंच. ऐकून झाल्यावर मॅडमनं चष्मा काढला आणि ओढणीनं पुसत राहिली.

"म्हणजे कळप खिंड ओलांडून गेलेच नाहीत," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"माणूस गेला ओलांडून."

मॅडमनं टेबलावरचा पेपरचा कच्चा मसुदा उचलला, पहिल्या पानावर तिरकी रेघ मारली आणि पान उलटं ठेवलं. मग बराच वेळ ती निकालाच्या कागदांवर बोट फिरवत राहिली.

"उतार केवढा मोठा आहे?"

"दोन दिवस लागतात चालायला."

"मग एक ऐका. नऊपैकी शेवटच्या तीन कुप्यांत एक बारावं अक्षर वेगळं आहे. मी चूक समजून सोडून दिलं होतं. तेच अक्षर तुमच्या जुन्या फक्त चार कुप्यांत आहे." तिनं यादी पुढे सरकवली. "यांच्या चिठ्ठ्यांवर जास्तीचे दोन शब्द पण आहेत."

लिखाताईला यादी बघायची गरज नव्हती. त्या चार चिठ्ठ्यांवर नवऱ्यानं तिचं न ऐकता दोन शब्द जास्त घातले होते, आणि त्यावरून ती त्याच्याशी भांडली होती. ‘अलीकडे. काळा कडा.’ काळ्या कड्याखाली एक छोटा कळप हिवाळा काढायचा, दहा-बारा मेंढ्यांचा, इतरांत न मिसळणारा. वेगळे राहिले होते म्हणून त्यांच्या उवाही वेगळ्या झाल्या होत्या, एका अक्षरानं. ‘उद्या पुन्हा’ लिहिलेली कुपी त्या तीन कुप्यांतली शेवटची होती.

ती खिडकीशी गेली. खिंडीच्या थोडं डावीकडे, धारेच्या खाली, दुपारच्या उन्हात एक काळी रेघ दिसायची. ती रेघ ती रोज बघत आली होती.

*

बर्फ वितळायला दोन महिने जायचे होते. ते कसे गेले ते तिलाच माहीत. टेबल तिनं हलवलं नाही, पण खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि दिव्यावर काम करायला लागली. पडद्याआडूनही ते समोरून बघणं जाईना. अठरा दिवस शोधलं, हे ती आजवर अभिमानानं सांगायची. आता तो आकडा तिला रस्त्यात, जिन्यात, भांडी घासताना भेटायचा. माणूस पाय मोडून पडला तर किती दिवस राहतो? बर्फ चोखून? उन्हाच्या बाजूला? तिथून संध्याकाळी शहराचे दिवे दिसतात, असं तोच एकदा कौतुकानं म्हणाला होता. प्रयोगशाळेचा मजला ओळखता येतो, टोकाची खिडकी सुद्धा. तेव्हा ती उशिरापर्यंत बसायची. त्या अठरा दिवसांत तर जास्तच, कारण घरी जाववत नव्हतं. दिवा लावून बसायची.

वनरक्षक आता पिकल्या केसांचा झाला होता. पूर्वीच्या शोधात तो होता, नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात. कड्याकडे मीच जातो म्हणाला. मोजून मापून बोलणारा माणूस. या बाजूच्या पायथ्याच्या चौकीवरून सकाळी फोन केला तेव्हा म्हणाला, "बाई, पाच तास चाल आहे, तीन ओढे आहेत, आम्ही चौघं आहोत. काल वाटेत सव्वीस मेंढ्या दिसल्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन आला. मॅडम तिच्या खोलीतच होती. लिखाताईनं फोन कानाला लावला. पलीकडून आधी नुसता वारा ऐकू आला.

"बाई, आहे."

"हं."

"कड्याच्या मुळाशी कपार आहे. वरून दगड निसटला असावा, पाय त्याखाली आहे. फणी आहे. पितळेची, एक दात तुटका. ओळखीची आहे का?"

"हो."

"बाकी आम्ही नीट आणतो. तुम्ही काळजी करू नका."

"अजून काय आहे?"

"कपारीच्या तोंडाशी दगड लावलेत. लहान लहान. ओळीनं."

"किती?"

वारा वाहत राहिला. फोन कट झालाय की काय म्हणून तिनं तो कानापासून दूर धरून बघितला, परत लावला.

"मोजले नाहीत, बाई," वनरक्षक म्हणाला.

तिनं पुन्हा विचारलं नाही.

घरी सासूबाई दाराशीच बसल्या होत्या. लिखाताई त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसली आणि सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, न विसरता, मध्ये काही न विचारता. मग म्हणाल्या, "इकडेच होता म्हण की."

"इकडेच होते."

"लगेच गेला का गं?"

"हो आई. लगेच."

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे थोडा वेळ बघितलं. मग काठी टेकून उठल्या, दार लावलं आणि कडी घातली.

*

दुसऱ्या दिवशी लिखाताई नेहमीच्या वेळेला कामावर आली. सतरा कुप्यांचा ट्रे काढला, त्यातल्या नऊ वेगळ्या केल्या. कात्रीनं नखाएवढ्या नऊ चिठ्ठ्या कापल्या, पेन्सिलीला टोक काढलं. जुन्या चिठ्ठ्या नियमाप्रमाणे आतच राहणार होत्या, त्याच्या सैल, मोठ्या अक्षरातल्या. शेजारी काय लिहायचं यावर ती बराच वेळ थांबली. मॅडम दारातून डोकावली आणि आत न येता परत गेली.

‘अलीकडे’ लिहिणं तिच्या हातून होईना. शेवटी तिनं दोन शब्द लिहिले, कुठंही उभं राहून वाचले तरी एकच जागा दाखवणारे. ‘घराकडची बाजू.’ नऊ वेळा लिहिले. एकेक चिठ्ठी चिमट्यानं धरून कुपीत सोडली. स्पिरिटात ती हलकेच खाली गेली आणि रिकाम्या कवचांपाशी, त्याच्या ‘पलीकडे’ला टेकून थांबली.

शेवटच्या कुपीला बूच लावून झालं. पडदा आज कुणी तरी, बहुतेक झाडूवालीनं, बाजूला सारून ठेवला होता. टेबलावर ऊन आलं होतं, म्हणजे बाहेर हवा स्वच्छ असणार. लिखाताईनं मान वर केली नाही. तिनं ‘उद्या पुन्हा’च्या पुढच्या, अठराव्या कुपीसाठी हात पुढे केला, आणि अठरावी नाही हे आठवून तो तसाच टेबलावर ठेवला.